उघड्या पोटाची गोधडी

आधीच सांगून टाकते, रिट्रीट या प्रकाराचा मला राग होता. ज्यांच्याभोवती आठवडाभर बोलायला माणसं असतात त्यांनी दोन दिवस गप्प बसायला डोंगरात जायचं आणि परत येऊन मन कसं हलकं झालं ते सगळ्यांना सांगत फिरायचं, ही मला निव्वळ चैन वाटायची. माझी आई न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला, माझ्या घरी सहा महिने, मी कामाला बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत, रोज गप्पच होती. त्याला कुणी रिट्रीट म्हटलं नाही. त्याला व्हिजिटर व्हिसा म्हणतात.

मी नगरची. इथे शिकायला आले, राहिले, आता एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. आमच्यासारख्यांच्या आईबापांना इथे कायमचं राहू द्या, यासाठी आमचा एक लहानसा गट भांडतो. इथल्या सरकारला आमचे कर चालतात, आमची रात्रपाळी चालते. आईबापांनी मात्र पाहुणे म्हणून यायचं, नातवंडं सांभाळायची आणि मुदत संपली की बॅग भरायची. कायमचं राहायचं तर उत्पन्नाच्या अटी, रांग, आणि वर सोडत. आईबापांची सोडत! घरांची काढतात तशी. आमच्या पत्रकावरची घोषणा माझी आहे, 'आमचे आईबाप पाहुणे नाहीत', आणि खाली फोटो माझ्या आईचा. फोटोबद्दल आईची एकच तक्रार होती, पदर नीट नाही.

तिचं विमान एप्रिलच्या अखेरीला होतं. त्याआधीच्या एका सोमवारी आम्ही खासदाराच्या कचेरीसमोर उभे राहणार होतो आणि सगळ्यांत पुढे आई. तिने बोलायची दोन वाक्यं मी तिला शिकवून ठेवली होती. 'मला माझ्या मुलीजवळ राहायचं आहे. मला परत पाठवू नका.' कायमच्या व्हिसासाठी तिचा अर्जही मी करणार होते. तिने फक्त हो म्हणायचं बाकी होतं. ती 'बघू' म्हणत होती. महिना झाला, बघूच चाललं होतं.

तेवढ्यात चर्चच्या फलकावर तिला एक कागद दिसला. बायका गोल बसून शिवतायत असा फोटो. शहराजवळच्या बँक्स पेनिन्सुलावरच्या एका जुन्या घरात शुक्रवार ते रविवार राहायचं, हाताने जे येतं ते करायचं, शिवण, चित्रं, लाकूडकाम, काहीही, आणि करता करता मनात प्रार्थना. शुक्रवारच्या जेवणापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत मौन.

"इथं जाऊ या का गं?" आई म्हणाली.

सहा महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच हो म्हटलं, आणि मनात ठरवलं की दोन दिवस ती हाताशी आहे, तिच्याकडून हो म्हणवूनच परत आणायची.

हिलटॉप

लिटल रिव्हर गाव मागे पडलं की रस्ता चढायला लागतो आणि मग वळणांवर वळणं. आई मांडीवर जुन्या साड्यांचं गाठोडं आणि नाकाशी लिंबाची फोड धरून बसली होती. गाठोडं डिकीत ठेवायला ती तयार नव्हती, कारण डिकीत माझं सामान होतं. सोमवारच्या मोर्चाचा मोठा सुती फलक, निळ्या रंगाचा डबा, ब्रश. माझीही कला होतीच की! शेवटची दोन अक्षरं रंगवायची राहिली होती, ती तिथे बसून रंगवणार होते.

माथ्यावर, हिलटॉपला, गाडी थांबवली. खाली अकारोआचं बंदर, चहूबाजूंनी वाळलेल्या गवताचे पिवळट डोंगर, मधे निळं पाणी, इतकं स्थिर की कुणी तरी ओतून ठेवलंय असं वाटावं. आई उतरली, पदर डोक्यावरून घट्ट ओढून वाऱ्यात उभी राहिली.

"एवढी जागा," ती म्हणाली, "आणि एक माणूस नाही."

"मेंढ्या आहेत की."

"मेंढ्या आहेत. मेंढपाळ कुठंय?"

खरंच नव्हता. आमच्या नगरकडे मेंढ्यांबरोबर धनगर असतो, कुत्रं असतं, घोड्यावर कोंबड्या नि पोरं बांधलेली असतात. इथे तारेचं कुंपण असतं. मी त्यावर इथल्या व्यवस्थेबद्दल चार वाक्यं बोलले. आईने लिंबाची फोड परत नाकाला लावली.

हराकेके

घर खाडीच्या काठाला, लाकडी, पडवीवालं. दारात हेलन उभी होती. सत्तरीची, पांढऱ्या केसांचा बॉब, पायात जॅंडल्स, म्हणजे आपल्या साध्या स्लीपर, एप्रिलच्या त्या गारठ्यात. हे शिबिर तीच चालवते. माझ्या हातातला रंगाचा डबा आणि फलकाची गुंडाळी बघून तिने विचारलं, "आणि ही तुझी प्रार्थना?"

"हो," मी म्हटलं. "ठळक अक्षरांत."

"स्वीट ॲज," म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि आईचं गाठोडं आपल्या हातात घेतलं.

मौन सुरू व्हायच्या आधी मेरे नावाच्या एका माओरी बाईंनी आम्हाला अंगणामागे नेलं. त्या हराकेकेच्या पानांच्या टोपल्या विणतात. हराकेके म्हणजे उंच, तलवारीसारख्या पानांचं झुडूप, आपल्या केकताडाची आठवण व्हावी असं. मेरेंनी आधी डोकं खाली घालून माओरीत प्रार्थना म्हटली. कापण्याआधी म्हणायचीच असते. आईनेही डोकं झाकून मान खाली घातली. शब्द कळत नव्हते, पण आमेन तिने बरोबर जागेवर म्हटलं.

मग मेरेंनी एक जुडगा हाताने उघडून दाखवला. मधलं कोवळं पान म्हणजे मूल. त्याच्या दोन्ही बाजूंची, त्याला मिठीत धरलेली, ती आईबाप. या तिघांना कधीच हात लावायचा नाही, नाहीतर झाड मरतं. बाहेरची जुनी पानं म्हणजे आजीआजोबा. तेवढीच कापायची.

मी आईला भराभर मराठीत सांगितलं आणि माझ्या डोक्यात तर छापखाना सुरू झाला. आईबाप तोडले तर झाड मरतं! याच मातीतलं शहाणपण, याच सरकारच्या तोंडावर!

"हे मी पुढच्या पत्रकावर घेणार," मी म्हटलं.

मेरेंनी सुरी पुसली. "कोणाला विचारून?"

"तुम्हाला."

"मला विचार, हो. झाडालाही विचार." आणि हसल्या. मला ते तेव्हा बुवाबाजीचं वाटलं.

आई मात्र कापलेल्या पानांकडे बघत होती. बाहेरच्या. त्यातलं एक उचलून तिने अंगठ्याने चाचपलं, जसं बाजारात ती साडीचा पोत बघते.

मौन

भोपळ्याचं सूप होतं. जाडसर पाव, लोणी. आईने पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ, फोडणी द्यायला विसरले. तिने कमरेच्या पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली, स्वतः घेतली, मग शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांसमोर सरकवली. ते पक्ष्यांची चित्रं काढायला आले होते. त्यांनी चमचाभर सुपात टाकली. पुढची पाच मिनिटं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोलायची तर बंदी! त्यांनी अंगठा वर केला. चटणी टेबलभर फिरली.

मला त्या शांततेत धड खाता येत नव्हतं. मी गप्प बसणारी नव्हेच. शाळेत, कॉलेजात, मोर्चात, माझा आवाज हेच माझं भांडवल. आणि प्रार्थना म्हणजे तरी काय, आमच्या नगरच्या चर्चमध्ये सगळे एकदम, मोठ्याने, आपापलं मागणं मागतात. देवाला जो तो आपलं ऐकवत असतो. इथे त्या खोलीत दहाबारा माणसं गप्प बसून सुया, ब्रश, चाकू चालवत होती, बाहेर बेलबर्ड नावाचा एक पक्षी तीनच सूर पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि मला सारखं वाटत होतं की कुणीतरी बोलावं आणि बैठक सुरू करावी.

शनिवारी सकाळी आईने दिवाणखान्याच्या मधोमध गोधडी मांडली. चार कोपऱ्यांना खाडीवरचे धोंडे ठेवून कापडं ताणली. बाकी सगळे खुर्च्यांवर, ही जमिनीवर मांडी घालून. हेलनला राहवेना. तीही खाली बसली, दोन टाके घातले, आणि उठताच येईना. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने मेरे, आम्ही तिला ओढत होतो आणि मौनामुळे हसू दाबून धरलेलं. हेलन अर्ध्यावर उठून पुन्हा बसली तेव्हा सगळ्या खोलीचे खांदे हलत होते.

जेवण झाल्यावर मी फलक आणायला आमच्या खोलीत गेले. कोपऱ्यात रंगाचा डबा होता, ब्रश होते, फलक नव्हता. गाडीत सीटखाली पाहिलं. घरभर पाहिलं. मग दिवाणखान्यात आले आणि मला गोधडीच्या एका कडेला, वरच्या हिरव्या साडीखालून बोटभर डोकावणारं निळं अक्षर दिसलं.

आईने माझा फलक गोधडीत घातला होता!

मी तिच्यासमोर बसले. दोन्ही हात पसरले, हे काय? तिने बोट ओठांवर ठेवलं. मी छातीवर हात मारला, माझं आहे ते. तिने कापड चिमटीत धरून दाखवलं, जाड आहे, ऊब राहील. सोमवार हा शब्द हाताने कसा सांगायचा ते मला सुचेना. मी मूठ वर उगारली, घोषणा देतात तशी. पक्ष्यांची चित्रं काढणारे आजोबा घाबरून बघायला लागले. आईने शांतपणे माझी उगारलेली मूठ खाली घेतली, उघडली आणि तळहातावर सुई ठेवली. तिला ओवायला दिसत नाही.

मी ओवून दिली. काय करणार! मग दुसरी सुई माझ्यासाठी ओवली. गोधडी कडेकडून आत शिवत नेतात, चौकोनात चौकोन. दोघी असल्या तर समोरासमोरच्या कडांना बसतात आणि मधे भेटतात. दुपारभर मी माझ्याच घोषणेवर धावदोरा घालत होते. बोलता आलं असतं तर पहिल्या मिनिटाला भांडण करून उठले असते. बोलायचं नव्हतं म्हणून बसून राहिले, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तासन्‌तास आईच्या हातांकडे पाहिलं. ती टाका घालताना ओठ हलवत होती. एकेक टाका, एकेक नाव. ओठांवरून मला ओळखता येत होती. रमाबाई, शेवंताबाई, चर्चच्या पाळकबाई, सोनाली. सगळी नगरची.

शनिवारची संध्याकाळ

सहाच्या सुमाराला हेलनने घंटा वाजवली. मौन संपलं, आणि गंमत म्हणजे कुणीच बोलेना. शेकोटीभोवती बसल्यावर हेलन म्हणाली, ज्याला वाटेल त्याने आपलं काम दाखवावं. मेरेंनी टोपली दाखवली. आजोबांनी चित्र दाखवलं. मग आई उठली. तिला इंग्रजी वाचता येतं, बोलायला ती लाजते. "तू सांग त्यांना," मला म्हणाली.

मला आनंद झाला. सोमवारची तालीम होईल, म्हटलं.

"ही गोधडी माझ्या मुलीला," आई म्हणाली. "खाली माझी लग्नातली पांढरी साडी आहे. आमच्या ख्रिस्ती लोकांत नवरी पांढरी साडी नेसते." मी सांगितलं. सगळ्यांनी कौतुकाने आवाज काढले.

"मधे हिचा मोर्चाचा फलक आहे." मी तेही सांगितलं. सगळे हसले, मीही हसले.

"त्यावर लिहिलंय की आम्ही पाहुणे नाही. मला वाचता येतं, कृपे. पण मी पाहुणी आहे."

मी थांबले.

"सांग की."

"आई, हे आपण नंतर बोलू."

"नंतर नको. सोमवारी तुझं बोलायचंय. आज माझं."

सगळे वाट बघत होते. मी सांगितलं. आणि मग ती एकेक वाक्य बोलत गेली, मी एकेक इंग्रजीत करत गेले, दुभाषी करतो तसं, 'मी'ला 'मी'च ठेवून.

मला घरी जायचं आहे. तिथे दुपारच्या प्रार्थनेला माझ्या दारात चपला पडतात. तिथे गुडघा कसा आहे म्हणून दहाजणी विचारतात. इथे एकच विचारते, तीही कुलूप उघडता उघडता. पोरीची चूक नाही, पोर चांगली आहे. या बाईंनी काल पानं दाखवली. पोर मोठी झाली, आता मी तिच्या शेजारचं पान नाही, बाहेरचं आहे. बाहेरच्या पानांचीच टोपली होते ना? मग मला होऊ द्या.

शेवटी ती म्हणाली, "हिला वाटतं, माझं हिच्यावाचून अडलंय. अडलंय ते हिचं."

हे वाक्य मी दोनदा सुरू केलं. तिसऱ्यांदा पूर्ण केलं. खोलीतली माणसं आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. कारण माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, मला घरी जायचंय असं सगळे ऐकत होते. आणि खोटं कशाला बोलू, ते म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर खासदाराची कचेरी नव्हती. आमच्या दारातल्या चपला होत्या.

मेरे उठल्या. टोपली आईच्या मांडीवर ठेवली आणि माओरी लोक करतात तसं कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. आईने डोळे मिटून घेतले.

परतीची वाट

रविवारी खाडीकाठी उपासना झाली, पावाचा तुकडा हातोहात फिरला, आणि आम्ही निघालो. हिलटॉपपर्यंत मी गप्प होते. मौन माझ्यापुरतं चालूच होतं.

"सहा महिने बोलली का नाहीस?" शेवटी मी विचारलं.

"तू विचारलंस का?"

"रोज विचारत होते! अर्ज करू का, अर्ज करू का!"

"ते विचारणं नव्हे बाई. ते पत्रक होतं."

मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. वळण होतं, आणि मला नीट दिसतही नव्हतं. आईने लिंबाची फोड माझ्या नाकाशी धरली.

सोमवारी आम्ही उभे राहिलो. नियम वाईट आहेत ते आहेतच. आमच्या गटातल्या एका मित्राच्या वडिलांचं तिकडे कुणीच उरलेलं नाही आणि त्यांना खरंच मुलाजवळच राहायचं आहे. मी दोनदा नीट विचारून घेतलं. नव्या चादरीवर नवी घोषणा लिहिली: 'ज्यांना राहायचंय त्यांना राहू द्या.' जुन्या घोषणेइतकी ती गाजत नाही, लांब आहे. आई पुढे नव्हती. मागे उभी राहून थर्मासमधून सगळ्यांना चहा देत होती, पोलिसालासुद्धा.

जाण्याआधी तिने गोधडी माझ्या पलंगावर अंथरली. मधोमध हाताचा पंजा जाईल एवढी जागा शिवायची ठेवली होती. आमच्या घरची रीत अशी की गोधडी बंद करायच्या आधी तिच्या पोटात चिमूटभर तांदूळ घालायचे आणि ज्याची गोधडी त्याने मागणं मागून शेवटचे टाके घालायचे. उपाशी गोधडी अंगावर घेत नाहीत.

"हे तू करायचं," ती म्हणाली. "आणि मागताना भांडायचं नाही."

विमानतळावर ती एकदाच मागे वळली. पदर नीट होता.

घरी

त्याला आता दोन महिने होतील. इथे हिवाळा लागलाय, मी कामावरून येते तेव्हा अंधार असतो आणि कुलूप मीच उघडते. गोधडी तशीच अंगावर घेत होते, उपाशी, उघड्या पोटाची. मधल्या भोकातून आतल्या फलकाचा निळा रंग दिसतो.

गेल्या बुधवारी जेवण झाल्यावर आईला फोन केला. तिकडे दुपार. "कृपे, थांब गं, बाया आल्यात," म्हणाली आणि फोन न कापता कुठेतरी ठेवून दिला. मला चपला काढल्याचे आवाज ऐकू आले. सतरंजी झटकली. पाळकबाईंचा खोकला. मग एक गीत, मग सगळ्याजणी एकदम, मोठ्याने, आपापलं मागणं. आईचा आवाज त्यात कोणता, ते मला ओळखता येईना.

मी स्वयंपाकघरातून चिमूटभर तांदूळ आणले. गोधडी मांडीवर घेतली, फोन शेजारी. तांदूळ आत सोडले. न भांडता मागायची मला सवय नाही, म्हणून किती तरी वेळ नुसतीच बसले. कारणं दिली नाहीत, हक्क सांगितला नाही. मग मनातल्या मनात एकच म्हटलं: मला आई हवी आहे.

तिकडे आमेन झालं. भांडी वाजली, कुणीतरी चहाला साखर किती विचारलं. बऱ्याच वेळाने फोन खरखरला.

"कृपे? आहेस का अजून?"

"आहे."

"काय करतेस?"

"सुई ओवतेय."

"मग ओव," आई म्हणाली. "मी थांबते."